‘नुसतं तपासायचं’ ही नोकरी कसली?

परळी वैजनाथहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: “मी थर्मलमध्ये बॉयलरवर आहे, 24 वर्षं झाली. लेक नांदेडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेटची परीक्षा देऊन अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या मंडळात जायचं म्हणते. वीज बनवायची नोकरी मला कळते. दुसऱ्याच्या चुका काढायची नोकरी कसली? किरणोत्सर्गाची भीती आहे ती वेगळीच. आणि जायचंच असेल तर आधी नोकरी की आधी एम.टेक.?”

दादा, नमस्कार.

लातुरात बसून मला येणारी बहुतेक पत्रं नीटच्या मार्कांची असतात. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, आणि थोडं हसूही आलं. कारण तुमची लेक जे काम करायचं म्हणते, त्यातलं निम्मं तुम्ही रोज शिफ्टला करता.

तुमचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की कोळसा थांबतो, आग विझते, बॉयलर हळूहळू निवतो. अणुभट्टीचं तसं नाही. साखळी अभिक्रिया काही सेकंदांत थांबवता येते, पण इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता, भट्टी पूर्ण क्षमतेने चालताना देते त्या उष्णतेच्या सहा-सात टक्के असते. गुजरातेतल्या काक्रापारच्या संचात 700 मेगावॉट ही वीज झाली, भट्टीची उष्णता त्याच्या तिपटीच्या आसपास; म्हणून तिथे ती सव्वाशे मेगावॉटच्या पुढे जाते. तासाभरात बरीच उतरते, पण शून्यावर येत नाही. म्हणजे संच बंद झाल्यावरही पाणी फिरतं ठेवावंच लागतं, कित्येक दिवस. 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले, ते तुम्ही पाहिलंत. अणुभट्टीला मात्र बंद राहण्यासाठीसुद्धा पाणी लागतं.

एवढं कळलं की देखरेख करणाऱ्याची नजर आधी कुठे जाते तेही कळतं. एका केंद्रात व्हॉल्व्ह, पंप, केबल यांची मोजदाद हजारांत जाते. सगळ्यांकडे सारखंच पाहायला बसलं तर काहीच नीट पाहून होत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा: हे बिघडलं तर भट्टी थांबवणं, गाभा (भट्टीतला इंधनाचा भाग) थंड ठेवणं आणि किरणोत्सार आत कोंडून ठेवणं, या तिन्हींपैकी काही अडतं का? अडत असेल तर ते वर. कँटीनच्या छताची गळती खाली. गळती विजेच्या पॅनेलवर पडत असेल तर मात्र तीही वर.

31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली. जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला आणि आग लागली. तो धोका तुम्हाला मी काय सांगणार! पण पुढचं ऐका. मुख्य आणि राखीव वीजपुरवठ्याच्या केबल एकत्रच गेल्या होत्या, त्या एकत्रच जळाल्या. केंद्र सुमारे 17 तास अंधारात होतं. डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी पाणी देऊन आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून कर्मचाऱ्यांनी भट्टी सांभाळली. किरणोत्सार बाहेर गेला नाही. सुरुवात भट्टीत झालीच नव्हती, टर्बाइन हॉलमध्ये झाली होती, म्हणजे तुम्हाला कळणाऱ्या भागात. ‘राखीव आहे’ एवढ्यावर समाधान मानायचं नसतं. राखीव केबल मुख्य केबलपासून किती लांब आहे, मध्ये आग अडवणारी भिंत आहे का, हे विचारणारं माणूस लागतं. तुम्ही ज्याला चुका काढणं म्हणता ते हेच.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी झाली. आपल्या भागात त्याबद्दल वेगळं सांगायला नको. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशात नाही म्हणून घडणार नाही, असं नियामकाला म्हणता येत नाही. फुकुशिमात 2011 ला भूकंपानंतर भट्ट्या बरोबर थांबल्या होत्या. त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरपर्यंत पोहोचलं आणि गाभा थंड ठेवणंच थांबलं. त्यानंतर आपल्याकडच्या केंद्रांतही बाहेरून पाणी जोडायच्या जागा आणि हलवता येणारे डिझेल संच यांची सोय वाढवण्यात आली.

आता मंडळाबद्दल. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, 1983 ला स्थापन झालं. कचेरी मुंबईत अणुशक्तीनगरला. जागा निवडण्यापासून केंद्र मोडीत काढेपर्यंत प्रत्येक टप्प्याला त्यांची संमती लागते. चालू केंद्रांवर त्यांचे निरीक्षकही असतात. तारापूरचे पहिले दोन संच 1969 चे. अशा जुन्या संचांच्या धातूला, पाइपांना काय झालंय हे पाहणं हे त्यांचं मोठं काम. लातूरच्या सीटी स्कॅन सेंटरच्या दारावरची तीन पात्यांची खूण पाहिली असेल, तिथेही परवाना याच मंडळाचा लागतो.

एक गोष्ट झाकून ठेवत नाही. कॅगने 2012 च्या अहवालात या मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच छत्राखाली बसायचं, ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या मते रास्त आहे. लेकीला हे आधीच माहीत असू द्या. कधीतरी तिला तिच्यापेक्षा वीस वर्षं मोठ्या माणसासमोर “आज संच सुरू होणार नाही” असं लिहून सही करावी लागेल. आवाज न चढवता ठाम राहता येतं का, हे गेटच्या स्कोअरमध्ये दिसत नाही. तुम्हाला घरी दिसत असेल.

भीतीचं म्हणाल, तर कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या मात्रेची सीमा ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. ज्याला किरणोत्सर्गाच्या भागात जावं लागतं, त्याच्या छातीवर मोजणारा बिल्ला असतो आणि हिशेब ठेवला जातो. तुमच्या राखेच्या धुळीचा हिशेब एवढा काटेकोर कुणी ठेवला आहे का, हे तुम्हीच सांगा.

आधी नोकरी की एम.टेक.? मी आधी बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल म्हणेन. गेटचा स्कोअर, मग मुलाखत, मग एक वर्षाचं प्रशिक्षण, त्यात विद्यावेतन मिळतं. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते, तेव्हा एकदा सरावाला देऊन टाकू द्या. मुलाखतीत आवडीचे विषय विचारतात आणि मग त्याच विषयात खोल खोल नेतात. तिने उष्णता संक्रमण आणि द्रवगतिकी हे दोनच विषय घासूनपुसून तयार करावेत, सहा विषय अर्धवट नकोत. एम.टेक.चीच ओढ असेल तर एईआरबीची स्वतःची फेलोशिप आहे, तिची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर पाहत राहा. जागा थोड्या निघतात, म्हणून एनपीसीआयएलचा, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीचा, अर्जही भरायला लावा. तिथे चार-पाच वर्षं केंद्र चालवून मग नियामकाकडे गेली तर मला जास्तच आवडेल. ज्याने रात्रपाळीत अलार्म ऐकलेला नाही, त्याच्या तपासणीत कागद जास्त असतो.

दिवाळीत ती घरी आली की एक करा. संच ट्रिप झाला की तुमची पहिली नजर कोणत्या काट्यावर जाते, मग कोणत्या, हे तिला सांगा आणि तिला “का?” विचारू द्या. तिसऱ्या “का?”ला तुम्ही चिडलात, तर मला पुन्हा पत्र लिहा.