सोडून दिलेल्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणींमधला कचरा सरकार उचलून का नेत नाही?

कारण उचलणं हेच जास्त धोक्याचं. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कुजत नाहीत, विरघळत नाहीत. ढिगारा उकरला की ते हवेत जातात आणि श्वासावाटे फुफ्फुसात रुततात. म्हणून ढीग असतो तिथेच गाडला जातो. आधी उतार कमी करतात, नाहीतर पहिल्याच जोराच्या पावसात वरची माती वाहून जाते. मग स्वच्छ मातीचा जाड थर, त्यावर गवत, पाण्याला वाट काढून देणारे चर. उघडे बोगदे बुजवतात, कुंपण घालतात.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. तिथल्या नॉर्दर्न केप प्रांतात कुरुमान, प्रीस्का भागात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. याच भागातल्या रुग्णांवरून १९६० साली मेसोथेलिओमा या कर्करोगाचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध दाखवला गेला. त्यात खाणीत कधीच काम न केलेले, नुसते आसपास राहिलेले लोकही होते! कंपन्या निघून गेल्या, ढीग राहिले. २००९ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात देशभरात सगळ्या प्रकारच्या मिळून ५,९०६ बेवारस खाणी नोंदल्या होत्या. त्या सुरक्षित करताना अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना प्राधान्य आहे, हे काम मिनटेक ही सरकारी संस्था करते आणि पैसा सरकारी तिजोरीतून जातो.

माझ्या मते खरी अडचण नंतर सुरू होते. गुरं गवत खातात, मातीला घळी पडतात, तंतू पुन्हा उघडे होतात. तंतू शरीरात गेल्यावर मेसोथेलिओमा दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात, त्यामुळे देखरेखही तितकीच लांब हवी. निविदा काढताना देखभालीचा खर्च त्यातच धरायला हवा.