कायदा की अर्थशास्त्र? प्राध्यापकीच्या वाटेवरचे प्रश्न

प्रश्न : मी बी.ए. एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनी कायदा आवडतो, पण त्यामागचं अर्थशास्त्र त्याहून जास्त आवडतं. प्राध्यापक व्हायचंय. एलएल.एम. करू, एम.ए. करू, की दोन्ही? – विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : आधी घर एक ठरव, मग शेजारी कितीही जा. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत विषय एकच छापलेला असतो, ‘विधी’ किंवा ‘अर्थशास्त्र’. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे त्या विषयाच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत) आणि जोडीला नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा. एलएल.बी. आणि एम.बी.ए. झालेली हुशार मुलं छाननीतच गळताना मी पाहिली आहेत, कारण कायदा शिकवायला एलएल.एम. नव्हतं आणि अर्थशास्त्राला एम.ए. नव्हतं. फार वाईट वाटतं.

तुझ्या पायाखाली पाच वर्षांचा कायदा आहे, म्हणून मी एलएल.एम. म्हणेन. नागपूरजवळच्या वारंग्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं असेल तर क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा दे. अर्थशास्त्राचं एम.ए. पुढे इग्नूतून सावकाश करता येईल, तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. रोनाल्ड कोस अर्थशास्त्रज्ञ होते, पण शिकवत होते शिकागो विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात. १९९१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. घर एक असलं म्हणजे दार बंद होत नाही.

प्रश्न : अर्थशास्त्रात एम.ए., सेट झालंय, कामठीला तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएच.डी.साठी ‘जागतिकीकरणाचे भारतीय अर्थव्यवस्थेवरील परिणाम’ हा विषय दिला, तो मार्गदर्शकांनी परत केला. कायदा आणि धोरण यांना धरून विषय कसा शोधू?

उत्तर : परत केला ते बरं केलं. त्या विषयात तुम्ही सहा वर्षं बुडाला असता आणि हाती इतरांनीच लिहिलेलं आलं असतं.

मागे हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कारखानदाराकडे बसलो होतो. टेबलावर रेक्झिनची फुगलेली फाइल होती आणि प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन तारखा, माल दिल्याची आणि पैसे आल्याची. कुठे ६० दिवसांचं अंतर, कुठे ९०, एका बिलावर १४०. वास्तविक २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मी विचारलं, व्याज मागता का? ते म्हणाले, “सर, व्याज मागितलं की पुढची ऑर्डर गेली.” हक्क कागदावर आहे, पण बजावण्याची किंमत इतकी की कोणी बजावत नाही. कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र का शिकायचे, ते त्या एका वाक्यात आलं.

पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात कलम ४३ब (एच) आणलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळते. मध्यम उद्योग यात नाहीत, निव्वळ व्यापारीही नाहीत. आता तुमचा प्रश्न बघा : त्या फाइलीतल्या दोन तारखा जवळ आल्या का? की काही गिऱ्हाइकं लघु उद्योग सोडून मध्यम उद्योगाकडे किंवा व्यापाऱ्याकडे वळली? मध्यम उद्योग तुलनेसाठी आयतेच हाताशी आहेत. हिंगणा आणि बुटीबोरी फिरा, पन्नास फाइली बघायला मिळाल्या तरी प्रबंधाला पाया मिळेल. शेतीकडे ओढा असेल तर नागपूरची कळमना बाजारपेठ आहे. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्याने संत्र्याच्या सौद्यात काय बदललं, हेही शोधण्यासारखं आहे.

प्रश्न : नागपूर खंडपीठात नऊ वर्षं वकिली करतोय, एलएल.एम. आहे. वकिली न सोडता शिकवता येईल का?

उत्तर : अर्धवेळ येईल. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांनुसार वकील दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की वकिली थांबवून तसं बार कौन्सिलला कळवावं लागतं. शिकवाच. चेक न वटल्यावर द्यायच्या कलम १३८ च्या नोटिशीचे ३० दिवस आणि पैसे भरायचे १५ दिवस नावं झाकलेल्या खऱ्या नोटिशीवरून समजावले, तर मुलं ते विसरत नाहीत.

प्रश्न : अडीच हजार रुपये भरा, आठ दिवसांत शोधनिबंध छापतो, असा मेसेज आलाय. पीएच.डी.साठी निबंध लागतोच ना?

उत्तर : भरू नका. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही, विद्यापीठाची स्वतःची अट आहे का तेवढं विचारा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून विचारा की आपण खरंच या मंडळावर आहात का. आठ दिवसांत कोणीही निबंध मनापासून तपासत नाही.

प्रश्न : वय ३३, एलएल.एम. होऊन आठ वर्षं झाली, दोन मुलांची आई आहे. जेआरएफचं (नेटमधून मिळणाऱ्या संशोधन अधिछात्रवृत्तीचं) वय गेलं ना? – मनीषनगर

उत्तर : नाही गेलं! मर्यादा ३० ची असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. ही गोष्ट तुम्हाला आजवर कोणी सांगितली नाही याचा मला राग येतो. मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएच.डी.लाही महिलांना दोन वर्षं वाढीव मिळतात आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. ओबीसी असाल तर नागपुरातच महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आहे, तिथल्या अधिछात्रवृत्तीचीही चौकशी करा. वय कोणत्या तारखेला मोजणार ते नेटच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. फॉर्म भरण्याआधी ती ओळ वाचा आणि या खेपेलाच बसा.