शुक्रवारच्या पबबद्दल

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

वर्गातली पोरं शुक्रवारी पबमध्ये जेवायला चालली आहेत, तू पीत नाहीस, त्यात महिनाअखेर. तर जाऊ की नको, असं विचारलंयस. जा. फक्त जागा तू सुचव. बर्मिंगहॅमच्या मध्यात चकचकीत ठिकाणी बसण्यापेक्षा सगळ्यांना ट्रामने वेस्ट ब्रॉमिचला ने, नाहीतर आगगाडीने स्मेदिकला. तिथले देसी पब म्हणजे बाहेरून अस्सल इंग्रजी, आणि स्वयंपाकघरात तंदूर.

मागवायचं ते मिक्स्ड ग्रिल. तापलेल्या लोखंडी थाळीत चरचरणाऱ्या कांद्यावर टिक्का, सीख कबाब, विंग्ज, चॉप्स असं सगळं रचून येतं. थाळी मध्ये ठेवायची, नान वेगळे घ्यायचे आणि सगळ्यांनी हात घालायचा. माणशी एकेक डिश मागवलीत तर बिलही वाढेल आणि अन्नही उरेल. तू शाकाहारी, तर पनीर टिक्का आहेच, पण मोगो चुकवू नकोस. कसाव्याचे, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाचे, तळलेले तिखट तुकडे; पूर्व आफ्रिकेतून इथे आलेल्या गुजराती-पंजाब्यांनी आणलेली चीज. कढई वेगळी आहे का, हे मात्र विचार. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. साध्या इंग्रजी पबमध्ये तर चिप्स आणि ग्रेव्हीबद्दलही विचारावं लागतं.

ही जागा सुचवण्यामागे स्वस्ताईखेरीज आणखी एक कारण आहे. साठच्या दशकात इथल्या ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना अनेक पबांच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल आणि त्यांचे सहकारी मुद्दाम गोऱ्या मित्रांना घेऊन अशा पबांत जात, आणि आपल्या माणसांना पेय नाकारलं की त्याची नोंद करत. 12 फेब्रुवारी 1965 ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, त्यांनाही तोच अनुभव आला. त्याच वर्षी अशा भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला. पुढे बंद पडायला आलेले कितीतरी पब पंजाबी मालकांनीच चालवायला घेतले. आज तिथे म्हातारे गोरे फुटबॉल बघत बसतात आणि शेजारच्या टेबलावर पंजाबीत वाद रंगलेला असतो. तुझ्या वर्गातल्या इंग्रज पोरांनाही हे ठाऊक नसेल, सांग त्यांना.

आता पैशांचं. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नकोस. बहुतेक ठिकाणी बारवर जाऊन, टेबलाचा नंबर सांगून ऑर्डर द्यायची असते. खरी गोम आहे ती राउंडची. एक जण उठून सगळ्यांची पेयं आणतो, पुढच्या खेपेला दुसरा. तू लाइम-सोडा घेणार आणि इतर चौघं बिअरचा पाइंट, म्हणजे तुझी पाळी आली की तुझा खिसा रिकामा. म्हणून पहिला माणूस उठतानाच सांग, ‘माझं मी आणते.’ कोणी वाईट वाटून घेत नाही. दुसऱ्यांच्या राउंडमधलं पिऊन आपली पाळी येताच बस पकडणारा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. नळाचं पाणी फुकट देणं पबला 2010 पासून बंधनकारक आहे, ते निःसंकोच माग.

जेवणाचं बिल समान वाटलं तर वाटू दे, पेनीपेनीचा हिशेब करत बसू नकोस. (चॉप्सच्या तीन थाळ्या झाल्या आणि तू पनीरवर होतीस, तर ‘माझं व्हेजचं मी देते’ असं खुशाल म्हण. भिडेपोटी उपाशी महिना काढणं मला पटत नाही.) आणि प्रत्येक आकड्याला रुपयांनी गुणणं आता बंद कर, घास उतरणार नाही.

पुढेमागे कधी प्यावंसं वाटलंच, तर तो तुझा प्रश्न. पाइंट 568 मिलिलिटरचा असतो, हाफ मागता येतो. वाइनचा ग्लास लहान हवा असेल तर 125 चा म्हणून सांग, नाहीतर मोठाच पुढ्यात येईल. कोणी आग्रह केला तर ‘नको’ एकदाच म्हणायचं, कारणं देत बसायचं नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

परतीच्या ट्रामची वेळ आधी बघून ठेव. आईला फोनवर पब म्हणण्याआधी मोगोचं सांग, बाकीचं मी तिच्याशी बोलेन.

तुझी,
मावशी