‘वंशवादी मतदार’ आणि ‘वंशवाद्यांचा पाठिंबा’

प्रश्न असा आहे: “२०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय प्रचारावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतो आहे. रेसिझमसाठी मराठीत वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद, वंशभेद असे चार शब्द सर्रास दिसतात. उमेदवारावरचा आरोप असो की मतदारांवरचा, सगळीकडे एकच शब्द ठेवू का? शिवाय डिनाउन्स, रिजेक्ट, डिसअव्हाव या तिन्हींसाठी मी ‘निषेध’ लिहिलं आहे. ते चालेल का?”

एकच शब्द ठेवू नका, आणि तिन्हींना ‘निषेध’ तर मुळीच लिहू नका. या प्रचारातलं निम्मं भांडण कोणत्या शब्दाने नेमका कोणावर आरोप होतो यावरच चाललं होतं. अनुवादात सगळं एका शब्दात गोळा केलंत, तर वाचकाला भांडण कशावरून आहे तेच कळणार नाही.

आधी शब्दांचे उत्तरार्ध पाहू. द्वेष मनात असतो. भेद वागण्यात आणि नियमात असतो. वाद हा विचार असतो, माणूस तो जाणूनबुजून मानतो आणि मांडतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, बसमधल्या जागा वेगळ्या होत्या, पाण्याचे नळही वेगळे होते. तो कायद्याने लादलेला भेद होता. दक्षिण आफ्रिकेतल्या १९४८नंतरच्या राजवटीलाही म्हणूनच ‘वर्णभेद’ शोभतो. अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६३च्या शपथविधीच्या भाषणात ही फारकत आज, उद्या आणि कायम राहील असं जाहीर केलं होतं. १९६८ साली ते अध्यक्षपदासाठी तिसऱ्या पक्षाकडून उभे राहिले, दक्षिणेतली पाच राज्यं जिंकली आणि देशभरात साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मतं मिळवली. वॉलेस यांना ‘वर्णभेदाचे पुरस्कर्ते’ म्हटलं तर शब्द तंतोतंत बसतो, कारण ते एका व्यवस्थेची बाजू उघडपणे घेत होते. २०१६त मात्र असा कायदा नव्हता आणि तो परत आणा असं म्हणणारा मुख्य उमेदवारही नव्हता. तिथे ‘वर्णभेद’ लिहिलं की वाचक नळ आणि बस शोधायला लागतो.

आता पूर्वार्ध. ‘वर्ण’ या शब्दाची मराठीत दुहेरी अडचण आहे. एक तर त्याला चातुर्वर्ण्य चिकटलेलं आहे, त्यामुळे संदर्भ सुटला की वाक्य भलतीकडे जातं. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. वर्ण म्हणजे रंग, आणि २०१६चं सगळ्यात गाजलेलं प्रकरण रंगाचं नव्हतंच. रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्या ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ या प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला न्यायाधीश गोन्झालो क्युरिएल यांच्यापुढे चालू होता. क्युरिएल इंडियाना राज्यात जन्मलेले, आईवडील मेक्सिकोतून आलेले. आपण मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधणार आहोत, तेव्हा मेक्सिकन वंशाचा हा न्यायाधीश आपल्याला न्याय देऊ शकत नाही, असं ट्रम्प म्हणाले. याला ‘वर्णद्वेषी विधान’ म्हणणं म्हणजे रंगाचा उल्लेखही नसलेल्या विधानावर रंग चढवणं आहे.

त्या वेळी ट्रम्प यांच्या बाजूने एक युक्तिवाद झाला: मेक्सिकन हे राष्ट्रीयत्व आहे, ती काही ‘रेस’ नाही, मग रेसिझम कुठून आला? इंग्रजीत हा वाद लांबवता येतो, कारण तिथे रेस म्हणजे गोरे, काळे, आशियाई असे ठरावीक खाने डोळ्यांपुढे येतात. मराठी ‘वंश’ मुळातच कूळ आणि पिढी सांगतो. वंशावळ, वंशज, वंशाचा दिवा, हे सगळे शब्द आईवडील कोण आणि पूर्वज कुठले याविषयी बोलतात. क्युरिएल यांच्यावरचा आक्षेप नेमका तोच होता. त्यामुळे ‘वंश’ हा शब्द इथे इंग्रजीपेक्षाही चपखल बसतो, आणि मला तो मनापासून आवडतो. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत अनुच्छेद १५मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी यादी आहे, तीही याच शब्दाला पाठबळ देते.

थोडं विषयांतर करतो, पण ते मराठी वाचकाला जवळचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वंशभेदविरोधी करारात वंश आणि रंग यांच्या जोडीला ‘जन्मपरंपरा’ असाही आधार दिलेला आहे. २००१ साली दरबानमध्ये वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली, तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे मांडला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला, जात म्हणजे वंश नव्हे असं सांगत. पुढच्याच वर्षी या कराराच्या समितीने जन्मपरंपरेत जातीवर आधारलेला भेदभावही येतो असं स्पष्ट केलं. तेव्हा ‘वंश’ शब्दाचा आवाका किती, हा प्रश्न आपल्याकडे नुसता कोशातला नाही.

‘वंशवाद’ वापरताना एक सावधगिरी बाळगा. हिंदीत वंशवाद म्हणजे आपली घराणेशाही, आणि हिंदी बातम्या पाहणारा मराठी वाचक आता पुष्कळ आहे. २०१६च्या प्रचाराच्या सुरुवातीला एकीकडे एका माजी अध्यक्षांचे चिरंजीव आणि दुसऱ्या माजी अध्यक्षांचे बंधू जेब बुश उभे होते, दुसरीकडे माजी अध्यक्षांच्या पत्नी हिलरी क्लिंटन. तिथे ‘अमेरिकी निवडणुकीत वंशवादाचा मुद्दा’ एवढंच शीर्षक दिलंत तर कोणता मुद्दा ते उलगडणार नाही. लेखात पहिल्यांदा ‘वांशिक द्वेष’ किंवा ‘वंशश्रेष्ठत्वाचा विचार’ असं सविस्तर लिहा, पुढे वंशवाद चालेल.

आता मुख्य गाठ. विधान, माणूस आणि त्याला दिलेला पाठिंबा या तीन गोष्टी इंग्रजीत एकाच विशेषणाने जोडल्या जातात. ट्रम्प यांच्याच पक्षाचे, प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती पॉल रायन यांनी जून २०१६मध्ये ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला आणि काही दिवसांतच क्युरिएल प्रकरण पेटलं. वंशामुळे एखादा माणूस आपलं काम करू शकत नाही असं म्हणणं ही वंशवादी विधानाची जणू पाठ्यपुस्तकातली व्याख्या आहे, असं रायन म्हणाले. पण पाठिंबा काढून घेतला नाही. हिलरी क्लिंटन हे उत्तर आहे असं मला वाटत नाही, एवढंच कारण दिलं. याचं मराठी ‘ट्रम्प वंशवादी असल्याची रायन यांची टीका’ असं करणं चूक आहे. रायन विधानाबद्दल बोलले, माणसाबद्दल नाही. त्यांच्या राजकारणाचा सगळा तोल त्या फरकावर उभा होता. तो फरक नैतिकदृष्ट्या टिकतो का? माझ्या मते टिकत नाही. पण अनुवादकाने तो पुसून टाकायचा नसतो, वाचकाने तो बघून आपलं मत ठरवायचं असतं.

मतदारांबद्दल लिहिताना आणखी जपावं लागतं. ‘-वादी’ हा प्रत्यय मराठीत जड आहे. समाजवादी, गांधीवादी, विवेकवादी, हे सगळे आपला विचार ओळखून बाळगणारे लोक. ‘वंशवादी मतदार’ म्हटलं की वंशश्रेष्ठत्वावर श्रद्धा ठेवून केंद्रावर गेलेला माणूस उभा राहतो. असे मतदार होते, पण लेखातल्या प्रत्येक ‘रेसिस्ट’चा अर्थ तो नसतो. पुष्कळदा म्हणायचं असतं ते एवढंच की मनात कुठेतरी अढी आहे, आकस आहे. ‘आकस’ हा आपला किती नेमका शब्द आहे! उघड द्वेष नाही, मांडलेला विचार नाही, पण समोरच्याचं बरं झालेलं सहन होत नाही. जिथे लेखकाला पूर्वग्रह अभिप्रेत आहे तिथे ‘वांशिक आकस’ लिहून पाहा.

९ सप्टेंबर २०१६ला न्यूयॉर्कमधल्या निधी-संकलनाच्या कार्यक्रमात हिलरी क्लिंटन म्हणाल्या की, ढोबळमानाने बोलायचं तर ट्रम्प यांचे निम्मे समर्थक ‘डिप्लोरेबल्स’च्या टोपलीत टाकता येतील: वंशवादी, स्त्रीद्वेष्टे, परकीयांचा द्वेष करणारे वगैरे. उरलेले निम्मे सरकारने वाऱ्यावर सोडलेले लोक आहेत, त्यांना समजून घ्यायला हवं, असंही त्या लगेच पुढे म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘निम्मे’ या शब्दाबद्दल खेद व्यक्त केला, आरोपाबद्दल नाही. ट्रम्प समर्थकांनी मात्र लवकरच ते विशेषण सदऱ्यांवर छापून मिरवायला सुरुवात केली. अनुवादात ‘निम्मे’ गळू देऊ नका आणि उरलेल्या निम्म्यांविषयीचं वाक्यही गळू देऊ नका. ‘डिप्लोरेबल्स’ला मी ‘धिक्कारार्ह लोक’ म्हणेन. ‘शोचनीय’मध्ये कीव येते, आणि कीव केलेलं विशेषण कोणी छातीवर मिरवत नाही.

इथे मराठीचे दोन छोटे अव्ययी शब्द मोठं काम करतात. ‘ट्रम्प यांना वंशवादीही मत देतात’ आणि ‘ट्रम्प यांना वंशवादीच मत देतात’. पहिलं विधान नाकारणं कोणालाही अवघड होतं, दुसरं सिद्ध करणं कोणालाही शक्य नव्हतं. प्रचारात एक बाजू ‘ही’ म्हणायची, दुसरी ‘च’ ऐकायची आणि चिडायची. इंग्रजी वाक्यात हा फरक आवाजाच्या चढउतारात लपतो. मराठीत तुम्हाला अक्षर निवडावंच लागतं, तेव्हा लेखकाने नेमकं काय म्हटलंय ते दोनदा वाचून निवडा.

तसंच कारण जोडणाऱ्या शब्दांचं. निकालानंतर अमेरिकेत जो वाद पेटला तो मराठीत ‘मुळे’ आणि ‘असूनही’ या दोन शब्दांत मांडता येतो. वंशवादी बोलण्यामुळे पाठिंबा मिळाला, की ते बोलणं असूनही मिळाला? बराक ओबामांना दोनदा कौल देणाऱ्या दोनशेहून जास्त काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) २०१६त ट्रम्प यांच्याकडे गेल्या. ‘असूनही’वाले त्याकडे बोट दाखवतात: ओबामांना मत देणारा वंशवादी कसा, कारखाने बंद पडल्याचा राग आहे हा. ‘मुळे’वाले म्हणतात, एका कृष्णवर्णीय उमेदवाराला मत दिल्याने स्थलांतरितांविषयीचा आकस संपत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डायना मट्झ यांनी त्याच मतदारांची २०१२ आणि २०१६ची उत्तरं ताडून २०१८ साली निष्कर्ष मांडला की आर्थिक ओढाताणीपेक्षा आपल्या गटाचं वरचं स्थान जातंय ही भीती जास्त प्रभावी होती. त्यावरही समाजशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. मला स्वतःला मट्झ यांचं म्हणणं जास्त पटतं. पण मूळ लेखात ‘वुइथ’ किंवा ‘अमंग’सारखा सैल शब्द असेल तर तिथे आपल्या पदरचं ‘मुळे’ घालू नका.

आता तुमचा ‘निषेध’. या शब्दांवरून अध्यक्षीय चर्चेच्या मंचावरच वाद झालेला आहे. २६ फेब्रुवारी २००८, क्लीव्हलँड. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामा आणि हिलरी क्लिंटन आमनेसामने होते. ज्यूंविरुद्धच्या वक्तव्यांसाठी कुप्रसिद्ध असलेले लुई फराखान ओबामांचं कौतुक करत होते. त्यांचा पाठिंबा तुम्ही नाकारता का, असं ओबामांना विचारलं गेलं. मी तो मागितलेला नाही आणि त्यांच्या वक्तव्यांचा मी निषेध केलेला आहे, असं ते म्हणाले. त्यावर हिलरी क्लिंटन यांनी पकडलं: निषेध करणं (डिनाउन्स) वेगळं आणि नाकारणं (रिजेक्ट) वेगळं. २०००च्या सिनेट निवडणुकीत आपण अशाच एका गटाचा पाठिंबा नाकारला होता, हे त्यांनी सांगितलं. ओबामा म्हणाले, तुम्हाला ‘नाकारणं’ जास्त कडक वाटत असेल तर मुद्दा मान्य, मी नाकारतोही आणि निषेधही करतो. हा प्रसंग ‘निषेध’ आणि ‘निषेध’ अशा शब्दांत कसा उतरणार?

निषेध विचाराचा होतो, नकार पाठिंब्याला दिला जातो. माणूस एखाद्याच्या मतांचा निषेध करून त्याचं मत खिशात घालू शकतो, आणि क्लिंटन यांना बोट ठेवायचं होतं ते तिथेच.

‘डिसअव्हाव’ याहून सौम्य आणि निसरडा आहे. गोऱ्यांचं वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या कु क्लक्स क्लान या हिंसक संघटनेचा माजी नेता डेव्हिड ड्यूक फेब्रुवारी २०१६मध्ये आपल्या श्रोत्यांना ट्रम्प यांच्याकडे वळवत होता. पत्रकारांनी विचारल्यावर ट्रम्प एकदा तुटकपणे ‘डिसअव्हाव’ म्हणाले. दोनच दिवसांनी सीएनएनच्या मुलाखतीत मात्र ड्यूकविषयी आपल्याला काहीच माहीत नाही असं म्हणाले, आणि नंतर कानातलं यंत्र नीट चालत नव्हतं असं कारण दिलं. या क्रियापदाला ‘आपला संबंध नाही असं सांगणं’ हे साधं भाषांतर पुरे आहे. ‘हात झटकणे’ हा वाक्प्रचार मोहात पाडेल, पण त्यात जबाबदारी टाळल्याचा ठपका आहे. टीकाकाराच्या तोंडी असेल तर चालेल, बातमीच्या वाक्यात नको.

शेवटी ‘डॉग व्हिसल’, कारण तुमच्या लेखात तो येणारच. कुत्र्याची शिट्टी लिहू नका, मराठीत त्याचा काही बोध होत नाही. आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ आहे, पण तिथे बोल ज्याला लागायचा त्यालाच लागतो. इथे उलट आहे: बोलण्याचा खरा अर्थ आपल्या माणसांना पोचावा आणि इतरांना आक्षेप घ्यायला जागा राहू नये, अशी रचना असते. यासाठी आपल्या काव्यशास्त्रातला ‘व्यंग्यार्थ’ सगळ्यात योग्य. वाच्यार्थ निर्दोष, व्यंग्यार्थ जाणकारापुरता. ऑगस्ट १९८०मध्ये रोनाल्ड रेगन मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत म्हणाले की आपला राज्यांच्या हक्कांवर विश्वास आहे. समर्थक म्हणतात, हा केंद्र-राज्य अधिकारांचा साधा मुद्दा होता. तिथून काही मैलांवर १९६४ साली मतदार नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन तरुणांचा खून झाला होता, आणि वर्णभेदाच्या कायद्यांचा बचाव वर्षानुवर्षं याच ‘राज्यांच्या हक्कां’नी होत आला होता. असं वाक्य अनुवादात आलं तर ‘राज्यांचे हक्क’ असंच ठेवा, त्यात काही भर घालू नका. जागा आणि साल तेवढं न चुकता लिहा.