ओबीडी अडॅप्टरवर आरपीएम दिसतो, पण डीपीएफची काजळी का दिसत नाही?

अडॅप्टर (गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला लावून फोनवर आकडे दाखवणारं यंत्र) बदलायची घाई नको. आरपीएम, कूलंटचं तापमान वगैरे मोड ०१ मध्ये (गाडीला माहिती विचारायचा प्रमाणित प्रकार) येतं. ते सगळ्या गाड्यांना सारखंच. डीपीएफमधली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी, प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (इंधनाच्या मात्रेतली दुरुस्ती) हे बहुतेक गाड्यांत मोड २२ मध्ये, म्हणजे कंपनीच्या खास माहितीत, असतं आणि त्याचे कोड कंपनीगणिक, कधी इंजिनगणिक बदलतात.

कार स्कॅनर ॲपमध्ये आधी गाडीचं नेमकं प्रोफाइल निवडा. निम्म्या वेळा तेवढ्यानंच काम होतं. नाहीतर टॉर्क प्रोमध्ये कस्टम पीआयडी (स्वतः लिहिलेला माहितीचा कोड) टाका: २२ आणि पुढे चार अंकी कोड, हेडर ७ई० (११ बिट कॅन या गाडीतल्या जाळ्यावर इंजिनच्या ईसीयूचा, म्हणजे कॉम्प्युटरचा, नेहमीचा पत्ता), आणि उत्तरातून आकडा काढायचं सूत्र.

सूत्र चुकलं की आकडा येतो, पण भलताच. ०१०सी (मोड ०१, आरपीएमचा कोड ०सी) विचारल्यावर ४१ ०सी १ए एफ८ आलं, तर १ए एफ८ (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे अंक) म्हणजे ६९०४, भागिले ४, म्हणजे १७२६ आरपीएम. मोड २२ चं उत्तर ६२ ने सुरू होतं, मग तोच कोड, आणि त्यानंतरचा बाइट (दोन अंकांची जोडी) म्हणजे सूत्रातला ए.

७एफ २२ ३१ आलं तर तो कोड तुमच्या ईसीयूत नाही. 'नो डेटा' आलं तर हेडर तपासा. लांब उत्तर अर्धवट तुटत असेल तर मात्र दोष स्वस्त नकली ईएलएम३२७ चिपच्या अडॅप्टरचा; 'व्हर्जन २.१' लिहिलेले यात बदनाम आहेत.

२ई किंवा ३१ ने सुरू होणाऱ्या कमांड उगाच पाठवू नका, त्या नुसतं वाचत नाहीत. काम झालं की अडॅप्टर काढा, सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरी कायम जोडलेली असते.