जाताना 'येतो' का म्हणायचं

प्रिय चिऊ,

परवा आजीचा व्हिडिओ कॉल संपवताना मी "बरं आई, येतो गं" म्हणालो आणि तू लगेच विचारलंस, "बाबा, तू येत कुठे आहेस? तू तर फोन बंद करतोयस. मग 'येतो' काय?" मी गडबडीत "तशी आपल्याकडे पद्धत आहे" म्हणून मोकळा झालो. ते काही खरं उत्तर नव्हे. तू आता रविवारच्या शाळेमुळे सरसर मराठी वाचतेस, म्हणून नीट लिहूनच देतो. गोष्ट जरा लांबून सुरू होईल, कारण हा शब्द मी शिकलो तो 'किलबिल'च्या पायी.

'किलबिल' हा मुंबई दूरदर्शनवरचा लहान मुलांचा कार्यक्रम. मी आठ वर्षांचा होतो तेव्हाची, म्हणजे १९८३ सालची गोष्ट सांगतोय. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वरळीला त्याचा ३०० मीटर उंच मनोरा आहे, मागे गेलो होतो तेव्हा टॅक्सीतून तुला दाखवला होता. आमच्या लहानपणी एकच वाहिनी. टीव्ही घरात ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागायचा. गिरगावातल्या आमच्या चाळीत, आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता. तो पलीकडच्या काकूंकडे.

लाकडी कपाटासारखा, पुढे सरकती दारं असलेला, पाय फाकवून उभा राहिलेला. त्यावर काकूंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा. कार्यक्रमाच्या आधी काकू तो रुमाल उचलून चौघडी घालून बाजूला ठेवायच्या, मग दारं सरकवायच्या, मग बटण. पडदा तापायला वेळ लागायचा. आधी आवाज यायचा, मग मधोमध एक उजेडाचा ठिपका, आणि मग हळूहळू चित्र पसरायचं. त्या दोन-चार क्षणांत आम्ही दहा-बारा पोरं सतरंजीवर अगदी गप्प. बुटकी पुढे, उंच मागे, आणि ज्याला कोणाला मांडीवर तान्हं भावंड सांभाळायचं असेल तो दाराजवळ, म्हणजे रडलं तर पटकन गॅलरीत नेता यायचं.

कार्यक्रमात काय असायचं? मुलं गाणी म्हणायची, छोटी नाटुकली करायची, गोष्ट ऐकायची. तुला आता जे काही हाती मिळतं त्यापुढे हे अगदी साधं वाटेल. पण चिऊ, ती मुलं आमच्यासारखी दिसायची. तेल लावून चापून बसवलेले केस, रिबिनी, शाळेतल्यासारखे शर्ट. ती आमच्यासारखंच मराठी बोलायची. पाठ केलेलं एखाद्याचं मध्येच विसरायचं आणि शेजारचा हळूच सांगायचा, तेही कळायचं. आपली भाषा त्या पेटीतून मोठ्यांच्या बातम्यांसाठीच नाही, आपल्यासाठीही येते, याचा मला केवढा आनंद व्हायचा. आजही होतो.

आमच्या मजल्यावर दोन गुजराती बिऱ्हाडं होती. मुंबई केंद्रावर गुजराती मुलांसाठी 'संताकूकडी' असायची, हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. आम्ही सगळे सगळं बघायचो. 'संताकूकडी' म्हणजे लपाछपी हे मला त्या घरातल्या मुलीने सांगितलं, आणि 'किलबिल' म्हणजे पाखरांचा आवाज हे मी तिला. माझं जे काही मोडकंतोडकं गुजराती आहे ते त्या सतरंजीवरचं.

तू म्हणशील, काकू बोलवायच्या का? नाही. तू मैत्रिणीकडे जायचं तर मी आधी तिच्या आईला मेसेज करतो, ती वेळ कळवते, मग आपण निघतो. तिकडे काकूंचं दार रात्री झोपायच्या वेळीच लागायचं. चपला गॅलरीत काढायच्या, मोरीत पाय धुवायचे, दाराशी घातलेल्या गोणपाटावर पुसायचे आणि आत जाऊन बसायचं. कोणी "ये" म्हणायचं नाही, कारण न येण्याचा प्रश्नच नव्हता. मोरीतलं पाणी मात्र जपून, फक्त एक तांब्या. नळाला पाणी पहाटेच तेवढं यायचं.

एकदा काय झालं, मी आणि काकूंचा मुलगा पुढच्या जागेवरून भांडलो. तो तावातावाने म्हणाला, "टीव्ही आमचा आहे!" मी उठलोच. कान तापले होते. दाराशी पोचलो आणि जोरात म्हणालो, "जातो मी!"

काकू आत पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. मला वाटलं होतं मुलाला रागावतील. त्यांनी आधी माझं मनगट धरलं. "जातो म्हणायचं नाही. येतो म्हण." मी गप्प. टीव्हीवर गाणं चालू होतं आणि एकही पोर तिकडे बघत नव्हतं. काकू हात सोडेनात. "येतो म्हण, मग जा." शेवटी मी पुटपुटलो, "येतो." तेव्हा त्यांनी हात सोडला. मनगटावर पिठाची पाच बोटं उमटली होती, ती घेऊन मी घरी आलो.

पुढच्या वेळी 'किलबिल' लागायची वेळ झाली तेव्हा मी आमच्याच उंबऱ्यावर घुटमळत होतो. आजीने विचारलं, "काकूंना येतो म्हणून आलास ना? मग?" मी गेलो. पाय धुतले, बसलो. काकूंचा मुलगा सरकला. कोणी काही बोललं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मराठीत माणूस वारला की "गेला" म्हणतात. त्यामुळे उंबऱ्यावर उभं राहून "जातो" म्हणणं कोणाच्या कानाला बरं लागत नाही. अशा नकोशा शब्दांना आपल्याकडे वळसा घालतात. आजी नारळ 'फोडत' नाही, 'वाढवते'. हातातली बांगडी पिचली तर तीही 'वाढवली'. गिरगाव चौपाटीवर गणपती पाण्यात सोडताना आपण त्याला "जा" म्हणतो का? "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतो. तसंच हे. पण मला वाटतं, अपशकुनाची भीती हे त्यातलं लहानसं कारण. काकूंनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. भांडण झालं तरी तू परत येणार आहेस, एवढं त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

आमच्याकडे टीव्ही आला तो मी सातवीत असताना. पुढे १९९०च्या आसपास 'गोट्या' मालिका लागायची. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची, राजदत्तांनी दिग्दर्शित केलेली. आई-वडील नसलेला एक मुलगा दुसऱ्यांच्या घरी येतो आणि त्यांचाच होऊन जातो. शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचं, चाल अशोक पत्कींची; ते सुरू झालं की आजी हातातलं काम टाकून बाहेर यायची. घरात आमचा टीव्ही होता, तरी ती मालिका मी काकूंकडेच जाऊन बघायचो. का, ते तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

२००३ मध्ये टोरोंटोला निघालो तेव्हा सगळा मजला गॅलरीत उभा होता. काकूंनी वाटीभर बेसनाचे लाडू हातात ठेवले, प्रवासात खायला. वाटीसकट. मी वाकून नमस्कार केला आणि त्या काही म्हणायच्या आत "येतो काकू" म्हणालो.

तू ज्या छोट्या स्टीलच्या वाटीत श्रीखंड खातेस, आणि जिच्या काठावर कोणाचं नाव कोरलंय म्हणून मागे विचारलं होतंस, ती हीच वाटी. शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. गेल्या दोन्ही खेपांना मी ती इथेच विसरलो. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. या वेळी ती तुझ्या सामानात ठेवूया. आत काय भरायचं ते तू ठरव, आणि काकूंच्या हातात तूच दे. पाय आधी धुवायचे, लक्षात ठेव.

तुझा
बाबा