बुयी लोकांसाठी प्रार्थना करताना

आपल्या प्रार्थना-गटाने या महिन्यासाठी चीनमधील बुयी समाज निवडला आहे, आणि हाती आलेल्या पत्रकात ‘भुताखेतांना भिणारे लोक’ एवढेच लिहिलेले असल्याने प्रार्थनेत नेमके काय मागावे, असे आपण विचारले आहे. ते पत्रक बाजूला ठेवावे, असे मी सुचवीन.

बुयी लोकांची संख्या ३५ लाखांहून अधिक असून, बहुतेक जण क्वीचौ प्रांतात, नदीकाठच्या खोऱ्यांत भातशेती करतात. त्यांची भाषा दक्षिण चीनमधील च्वांग लोकांच्या भाषेला जवळची आहे. चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्यातील सहाव्या दिवशी त्यांचा मोठा सण असतो. तेव्हा काही भागांत कोंबड्याचे रक्त लावलेली कागदी निशाणे शेताच्या बांधावर रोवतात, म्हणजे टोळ पिकाला शिवत नाहीत, अशी श्रद्धा आहे.

तथापि त्यांच्या श्रद्धेचे मर्म सणांत नाही, मरणविधीत आहे. ‘बुमो’ म्हणजे हा विधी चालवणारा जाणकार; तो मृताजवळ ‘मो’ पोथ्यांचे पठण करतो आणि मृतात्म्याला पूर्वजांच्या मूळ भूमीकडे पोहोचवतो. या पोथ्या बुयी भाषेत आहेत, पण लिहिलेल्या आहेत चिनी चिन्हांच्या आधाराने. मरणविधीला असे महत्त्व असल्यामुळे एखादा तरुण ख्रिस्ताकडे वळला, की घरच्यांचा पहिला प्रश्न देवाविषयीचा नसतो. आईवडिलांना शेवटचा निरोप कोण देणार, हा असतो. या प्रश्नाला भीती म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात कर्तव्यबुद्धी आणि माया अधिक आहे.

शुभवर्तमान तेथे नव्याने पोहोचायचे आहे, असेही समजू नये. एस्किरोल आणि विलियाट या फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांचा या भाषेचा कोश १९०८ मध्ये हाँगकाँगला छापला गेला, आणि त्याच सुमारास प्रोटेस्टंट मिशनरी सॅम्युएल क्लार्कही या लोकांमध्ये काम करीत होते. शेजारच्या म्याव लोकांतील काही गट त्याच काळात मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. बुयींमध्ये तसे घडले नाही. माझ्या मते पूर्वजांशी असलेले हे घट्ट नाते त्यामागील एक कारण असावे.

म्हणून मागायचे असेल तर हे मागावे: घरात एकट्यानेच विश्वास धरलेल्याला मर्तिकाच्या दिवसांत आईवडिलांचा मान राखून प्रभूशी एकनिष्ठ राहण्याचे शहाणपण मिळावे; पवित्र शास्त्र आणि गीते बुयी भाषेत ऐकायला मिळावीत; आणि बुमोंविषयी आपल्या मनात तुच्छता येऊ नये. (शेवटची विनंती आपल्यासाठी आहे, हे उघड आहे.) चीनमध्ये धार्मिक व्यवहारांचे सुधारित नियम २०१८ पासून लागू असून नोंदणी नसलेल्या मेळाव्यांवर त्यांचा दाब आहे; तेव्हा तेथील कोणा विश्वासणाऱ्याचे नाव, गाव किंवा छायाचित्र गटात फिरवू नये.